घाम गाळा, गॅजेट चालवा!

मनगटावर घड्याळ, बोटात रिंग, कानात बड्स... अंगभर गॅजेट्स आणि बॅगेत चार-चार वायरी! या रोजच्या कटकटीवर उतारा म्हणून कापडासारखे वाकणारे चिमुकले फ्युएल सेल प्रयोगशाळांमध्ये तयार होताहेत. ते तुमच्या चार्जरला कायमची सुट्टी देतील का? की त्यांचं खरं काम भलतंच आहे?

एक छोटीशी मोजणी करा. आत्ता, या क्षणी, तुमच्या अंगावर किती बॅटऱ्या आहेत? स्मार्टवॉच, एक. दोन कानांत दोन बड्स, म्हणजे तीन. त्यांची डबी खिशात असेल तर चार. फोन पाच. हौशी असाल तर बोटात स्मार्ट रिंग, सहा! आजोबांच्या पिढीकडे मनगटावर एक चावीचं घड्याळ असायचं आणि रोज सकाळी ते चावी द्यायचे. आपण त्यांच्यापेक्षा किती पुढे गेलो, बघा. आपण रोज रात्री सहा वस्तूंना ‘चावी’ देतो!

गंमत म्हणजे या वस्तूंमधल्या चिप्स दरवर्षी आणखी हुशार होतात, स्क्रीन आणखी चकाचक होतात. अडतं ते एकाच ठिकाणी, बॅटरीपाशी. घड्याळ जाड का? बॅटरीमुळे. रिंग महिनाभर का चालत नाही? बॅटरीमुळे. शर्टाच्या बाहीत किंवा बुटाच्या आत गॅजेट का नाही बसवता येत? कारण बॅटरीला वाकायचं नसतं! लिथियमची बॅटरी जबरदस्ती वाकवली, टोचली, तर आतले थर एकमेकांना टेकून ती पेटू शकते. शरीर मात्र सगळीकडून वाकतं. मनगट वळतं, कोपर दुमडतं, पोट... असो, पोटाचं आपण बोलायला नको.

म्हणूनच गेली काही वर्षं संशोधकांची एक जमात वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागली आहे. बॅटरीच नको! तिच्या जागी चिमुकला, वाकणारा फ्युएल सेल लावू. यात इंधनाचे चार थेंब टाकायचे, की झाली वीज सुरू. किंवा त्याहून भन्नाट म्हणजे इंधन बाहेरून आणायचंच नाही, ते तुमच्याच अंगातून घ्यायचं!

डबा की स्वयंपाकघर?

आधी बेसिक शंका. फ्युएल सेल आणि बॅटरी यांत फरक काय?

बॅटरी म्हणजे घरून भरून आणलेला डबा. जेवढं भरलंय तेवढंच खायचं. संपला, की घरी जाऊन पुन्हा भरा. फ्युएल सेल म्हणजे छोटंसं स्वयंपाकघर. तुम्ही शिधा देत राहा, ते ताट वाढत राहील. त्याला ‘चार्ज’ करायचं नसतं, नुसतं इंधन घालायचं. तासभर भिंतीला टेकून बसायची भानगड नाही.

आत घडतं ते असं. एका बाजूला इंधन असतं, समजा हायड्रोजन. दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन. मध्ये प्लॅस्टिकसारखा एक पातळ पडदा. या पडद्याचा स्वभाव मोठा चोखंदळ असतो. तो प्रोटॉनला पलीकडे जाऊ देतो, पण इलेक्ट्रॉनला म्हणतो, ‘तू बाहेरून ये!’ बिचारा इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घालून पलीकडे जातो. त्याचा तो वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे सगळे भेटले की तयार होतं साधं पाणी. ज्वाला नाही, धूर नाही, आवाज नाही. दोन्ही बाजूंना प्लॅटिनमसारख्या धातूचा बारीक लेप असतो, तो ही सगळी लग्नं जुळवतो. प्लॅटिनम म्हटल्यावर खर्चाचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

हायड्रोजन खिशात बाळगणं कठीण. म्हणून छोट्या सेलसाठी मिथेनॉल नावाचं द्रवरूप अल्कोहोल पुढे आलं. ते बाटलीत राहतं, थेंबाथेंबानं देता येतं. थेट मिथेनॉलवर चालणारा हा सेल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘नासा’ची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून विकसित केला. त्या टीममध्ये नोबेलविजेते जॉर्ज ओलाह होते आणि त्यांच्यासोबत मूळचे बंगळुरूचे सूर्य प्रकाश.

वकीलसाहेबांची करामत

ही आयडिया आजची आहे असं समजू नका हं. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या गृहस्थानं हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज मिळवता येते हे दाखवलं. ग्रोव्ह पेशानं वकील, पुढे न्यायाधीशही झाले. पण त्यांच्या या शोधाला पहिलं दणदणीत काम मिळायला सव्वाशे वर्षं जावी लागली. १९६५मध्ये ‘जेमिनी ५’ हे अंतराळयान फ्युएल सेलवर आठ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. पुढे अपोलो यानांनाही फ्युएल सेलनीच वीज पुरवली, आणि त्यातून तयार होणारं पाणी अंतराळवीर चक्क प्यायले.

म्हणजे बघा, जे तंत्रज्ञान माणसाला चंद्रापर्यंत सोबत करून आलं, ते अजून आपल्या मनगटापर्यंत का नाही पोचलं?

अंगठ्याएवढं पॉवर हाऊस

खरं तर एकदा ते दारापर्यंत आलं होतं. जून २००४. एमपीथ्री प्लेअर कानाला लावून फिरणं म्हणजे स्टाइलचा कळस, असा तो काळ. जपानच्या तोशिबा कंपनीनं अंगठ्याएवढा मिथेनॉल सेल दाखवला. लांबी ५६ मिलिमीटर, रुंदी २२, जाडी साडेचार आणि वजन अवघं साडेआठ ग्रॅम. त्यात फक्त २ मिलिलिटर मिथेनॉल भरायचं. तेवढ्यात १०० मिलिवॉट वीज, आणि म्युझिक प्लेअर सलग २० तास चालू! गिनेस बुकानंही जगातला सगळ्यात छोटा म्हणून त्याची दखल घेतली. तेव्हाच्या टेक जर्नलिस्ट मंडळींनी जाहीरच करून टाकलं, की आता चार्जरचे दिवस संपले.

मग काय झालं? ऑक्टोबर २००९मध्ये तोशिबानं ‘डायनारिओ’ नावाचा खिशात मावणारा चार्जर बाजारात आणला. १४ मिलिलिटर मिथेनॉलवर तो फोन दोनदा चार्ज करायचा. किंमत २९,८०० येन आणि नग फक्त ३,०००, तेही जपानपुरते. त्यानंतर अशा आणखी काही कंपन्या आल्या, गेल्या. स्वीडनचा ‘पॉवरट्रेक’ आला, ब्रिटनचा ‘अप’ आला. आज तुमच्या ऑफिसात शंभर जणांना विचारा, एकाच्याही बॅगेत फ्युएल सेल सापडणार नाही. पॉवर बँक मात्र निम्म्या बॅगांमध्ये असेल.

असं का झालं याची कारणं फार गूढ नाहीत. एक तर स्मार्टफोन आला. म्युझिक प्लेअरला १०० मिलिवॉट पुरायचे, स्मार्टफोनला काही वॉट लागतात. म्हणजे भूक वीस-तीसपटीनं वाढली! दुसरं, लिथियम बॅटरी दरवर्षी स्वस्त आणि सुधारित होत गेली. तिसरं सगळ्यात घरगुती. वीज प्रत्येक भिंतीत फुकटात हजर असते, मिथेनॉलची कार्ट्रिज मात्र विकत आणावी लागते. रात्री अकरा वाजता ती कुठल्या कोपऱ्यावर मिळणार हो?

दम आहे, पंच नाही

पण खरी गोम याहून खोल आहे, आणि ती समजली की पुढचं सगळं समजतं.

मिथेनॉलच्या एका किलोत साधारण साडेपाच हजार वॉट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत अडीचशेच्या आसपास. वीसपट फरक! ऐकायला कसलं भारी वाटतं. पण तोशिबाच्याच आकड्यांवर हिशेब करून बघा. २ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये जवळपास पावणेनऊ वॉट-तास ऊर्जा भरलेली. बाहेर मिळाले १०० मिलिवॉट गुणिले २० तास, म्हणजे २ वॉट-तास. पाव हिस्साही नाही! बाकीची ऊर्जा उष्णतेत गेली, आणि थोडं मिथेनॉल पडद्यातून गुपचूप पलीकडे झिरपून वाया गेलं. शिवाय हा सेल एका वेळी वीज देतो ती अगदी शांतपणे, दमादमानं. अचानक जोर लावा म्हटलं, की त्याचा व्होल्टेज घसरतो.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर लिथियम बॅटरी म्हणजे टी-ट्वेंटीचा फटकेबाज. फ्युएल सेल म्हणजे टेस्ट मॅचमध्ये दोन दिवस खेळपट्टीवर उभा राहणारा ओपनर. त्याच्याकडून सिक्सरची अपेक्षा ठेवलीत तर तुम्हीच तोंडावर पडाल.

पण जिथे टेस्ट मॅचच खेळायची आहे, तिथे? २००८मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं एक स्पर्धा घेतली होती. सैनिकाच्या अंगावरच्या जाकिटाला लावता येईल असा वीजपुरवठा बनवा, वजन जास्तीत जास्त ४ किलो, आणि सरासरी २० वॉट वीज सलग ९६ तास मिळाली पाहिजे. पहिलं बक्षीस १० लाख डॉलर. ते जिंकलं ड्यूपॉन्ट आणि जर्मनीची स्मार्ट फ्युएल सेल या जोडीनं, मिथेनॉल फ्युएल सेलच्या जोरावर! हेच काम आजच्या चांगल्या लिथियम बॅटऱ्यांकडून करून घ्यायचं तर साडेसात किलोहून जास्त ओझं पाठीवर घ्यावं लागेल. जंगलात, वाळवंटात, जिथे भिंतीत प्लग नाही तिथे हा साडेतीन किलोंचा फरक म्हणजे चैन नाही. तो जास्तीचं पाणी आणि औषधं नेण्याचा प्रश्न असतो.

थोडक्यात काय, तर फ्युएल सेल नापास झालेला नाही. आपण त्याला चुकीच्या पेपरला बसवलं होतं.

वाक म्हटलं की वाकायचं

सैनिकाचं जाकीट ठीक आहे, पण ते यंत्र म्हणजे शेवटी एक कडक डबाच. त्वचेवर, कपड्यावर बसायचं तर सेल मऊ हवा.

गंमत म्हणजे फ्युएल सेलचं काळीज मुळात मऊच असतं. मधला तो चोखंदळ पडदा बहुतेक वेळा ‘नॅफिऑन’चा असतो. १९६०च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीत जन्मलेलं हे प्लॅस्टिक टेफ्लॉनच्या खानदानातलं आहे आणि कागदाइतकं पातळ मिळतं. मग कडकपणा येतो कुठून? बाहेरच्या ग्रॅफाइटच्या पाट्या, धातूच्या चौकटी आणि त्यांना आवळणारे नट-बोल्ट, यांच्यातून. आणि ते उगाच नसतात. आतले थर एकमेकांना घट्ट चिकटले नाहीत तर वीज वाटेतच अडते. सँडविच दाबून धरलं नाही की भाजी बाहेर, तसंच.

मग दक्षिण कोरियातल्या सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या टीमनं २०१३मध्ये एक युक्ती केली. ग्रॅफाइटच्या जागी त्यांनी सिलिकॉन रबर घेतलं. या रबरातून वीज वाहत नाही, म्हणून त्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचं जाळं अंथरलं. केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी बारीक अशा या तारा एकमेकींवर अशा पडलेल्या असतात, की रबर वाकलं तरी कुठे ना कुठे त्यांचा हात हातात असतोच. तयार झाला वाकणारा फ्युएल सेल!

अर्थात अडचणी आहेतच. सेल वाकवला की थरांवरचा दाब बदलतो. पुन्हा पुन्हा वाकवला की प्लॅटिनमच्या लेपाला बारीक तडे जाऊ शकतात. आणि एक मुद्दा तर एकदम आपल्या रोजच्या जगण्यातला. या सेलला श्वास घ्यावा लागतो! हवेतला ऑक्सिजन मिळाला नाही तर काम ठप्प. फुल शर्टाच्या बाहीखाली त्याचा जीव गुदमरतो, पावसात भिजलात तर छिद्रं पाण्यानं बुजतात. जुलै महिन्यात छत्री उलटी झालेल्या मुंबईकराच्या मनगटावर त्याचं काय होईल, याची कल्पना करा.

खिशातलं विष

आता एक जरा गंभीर गोष्ट. मिथेनॉल हे विष आहे. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. थोड्याशा मिथेनॉलनंही दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

म्हणजे मिथेनॉल सेल बनवूच नये का? तसं नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांनी २००७पासून अशा सेलना आणि त्यांच्या सीलबंद कार्ट्रिजना केबिनमध्ये न्यायला परवानगी दिली, पण कडक अटींवर. कार्ट्रिज गळता कामा नये, मुलांना उघडता येऊ नये, वगैरे. पण प्रयोगशाळेतलं सील वेगळं आणि पडत-आपटत, वाकत-पिळत वर्षभर अंगावर राहणारी वस्तू वेगळी. दोन वर्षांचं बाळ आईच्या मनगटावरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. आजच्या नाण्यासारख्या बॅटऱ्याही काही निर्धोक नाहीत म्हणा. लहान मुलानं गिळली तर ती दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. म्हणजे अंगावर वीज बाळगायची तर सुरक्षितपणाचा प्रश्न कुणालाच चुकलेला नाही.

म्हणूनच काही संशोधकांनी विचार केला, की विषारी इंधन अंगावर वागवण्यापेक्षा अंगातलंच बिनविषारी इंधन का वापरू नये?

इंधन आपल्या अंगातच!

जिममध्ये ट्रेडमिलवर वीस मिनिटं धावलात, की घामातून लॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर पडतो. आपण तो टॉवेलनं पुसून टाकतो. त्यात ऊर्जा असते. ती काढून घ्यायला प्लॅटिनम लागत नाही, एन्झाइम पुरतं. दुधाचं दही करणारे जिवाणू जसे गाजावाजा न करता काम करतात, तसंच हे. एन्झाइम लॅक्टेटमधले इलेक्ट्रॉन सोडवून घेतं, पलीकडे ऑक्सिजन ते स्वीकारतो. हाही फ्युएल सेलच, फक्त आचारी बदललेला! याला बायोफ्युएल सेल म्हणतात.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसेफ वांग यांच्या टीमनं २०१३मध्ये टॅटूसारखा त्वचेवर चिकटणारा असा सेल बनवून दाखवला. २०१७मध्ये त्यांनी तो ताणता येईल असा केला. सायकल चालवणाऱ्या माणसाच्या त्वचेवर लावल्यावर त्याच्या घामावर एक निळा दिवा सुमारे चार मिनिटं चमकला. चौरस सेंटिमीटरला १.२ मिलिवॉट मिळाले.

२०२०मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वेई गाओ यांच्या टीमनं आणखी मोठी उडी मारली. चौरस सेंटिमीटरला साडेतीन मिलिवॉट, सेल ६० तास सलग चालू, आणि त्याच विजेवर घामातला ग्लुकोज, युरिया मोजून तो आकडा ब्लूटूथनं फोनवर. बॅटरी कुठेच नाही! जपानमध्ये २०२१मध्ये कागदावर छापलेला लॅक्टेट सेल तयार झाला. न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठानं तर २०१७मध्ये कापडावरच जिवाणू बसवले, ताणा-पिळा, काही बिघडत नाही. पण त्यातून वीज मिळते चौरस सेंटिमीटरला ६.४ मायक्रोवॉट, म्हणजे मिलिवॉटच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

आता तुम्ही म्हणाल, सकाळी ८.२०च्या विरार फास्टमध्ये जो घाम गळतो, त्यावर अख्खी लोकल चालेल! आयडिया वाईट नाही. पण जरा हिशेब करू या.

नऊ हजार रात्रींचा चार्ज

२०२१मध्ये सॅन डिएगोच्याच टीमनं बोटाच्या टोकावर पट्टीसारखा गुंडाळायचा सेल बनवला. बोटाच्या टोकांना घामाच्या ग्रंथी अगदी दाटीवाटीनं असतात, त्यामुळे व्यायामही करायला नको. तुम्ही झोपा, तो काम करतो. दहा तासांच्या झोपेत त्यानं जमवली जवळपास ४०० मिलिज्यूल ऊर्जा. एक साधं इलेक्ट्रॉनिक घड्याळ त्यावर २४ तास चालतं. तासभर टायपिंग आणि माउस क्लिक केलं तर जवळपास ३० मिलिज्यूल. नुसतं झोपून घड्याळ चालतंय, याहून आदर्श नोकरी कुठली!

पण तुमचं स्मार्टवॉच? त्याच्या बॅटरीत साधारण १ वॉट-तास मावतो, म्हणजे ३,६०० ज्यूल. रात्रीला ०.४ ज्यूल या वेगानं ते पूर्ण चार्ज करायला लागतील ९,००० रात्री. साडेचोवीस वर्षं! दहाही बोटांना पट्ट्या लावल्यात तरी अडीच वर्षं. तोवर कंपनीनं त्या मॉडेलचे अपडेट्स केव्हाच बंद केलेले असतील.

तेव्हा सरळ सांगायचं तर रंगीत स्क्रीन, जीपीएस, कॉल, गाणी... या सगळ्याला फ्युएल सेल नजीकच्या काळात तरी पुरा पडणार नाही. तो घामावरचा असो की मिथेनॉलवरचा. कुणी तसं सांगत असेल तर त्याला आपल्या ९,००० रात्री दाखवा.

मग हे सगळं कुणासाठी?

आता खरा मुद्दा. तुमच्या घड्याळाची बॅटरी संपली तर तुमचं काय बिघडतं? पावलं मोजायची राहतात. त्या दिवशीचं वर्तुळ पूर्ण होत नाही. बस्स.

पण तुमच्या बाबांच्या दंडावर रक्तातली साखर मोजणारा पॅच असेल तर? रात्री तीन वाजता साखर घसरली आणि पॅच मुका असेल, तर ते नुसतं गैरसोयीचं राहत नाही. आज असे पॅच साधारण १० ते १४ दिवस चालतात, मग आतल्या बॅटरीसकट कचऱ्यात जातात. महिन्याला दोन-तीन, वर्षाला पंचवीस-तीस, एकेका माणसाचे. ज्यांना मधुमेहासोबत जन्म काढायचाय त्यांच्या दृष्टीनं हा खर्चही आणि कचराही.

आणि इथेच हा मंद, दमदार ओपनर शोभून दिसतो. अशा पॅचला स्क्रीन नसते, आवाज नसतो. दर काही मिनिटांनी एक आकडा मोजायचा आणि फोनला कळवायचा, एवढंच काम. सरासरी लागणारी वीज मिलिवॉटचाही छोटासा अंश. सेल हळूहळू वीज जमवतो, छोट्या कपॅसिटरमध्ये ठेवतो आणि आकडा पाठवायच्या क्षणी ती झटकन खर्च होते. पंच कपॅसिटरचा, दम सेलचा!

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. घामातलं लॅक्टेट वाढलं की सेलमधून जास्त वीज मिळते, कमी झालं की कमी. म्हणजे सेल नुसता सेन्सरला वीज पुरवत नाही, त्याची वीज हाच सेन्सरचा आकडा! जे मोजायचं तेच इंधन. ग्लुकोजचंही तसंच करता येतं. मीटर वेगळा नको, बॅटरी वेगळी नको. लिथियम बॅटरी कितीही सुधारली तरी ही एक गोष्ट तिला कधीच जमणार नाही.

अडतंय कुठे? एन्झाइम नाजूक असतात, दिवस-आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो. प्रत्येकाचा घाम वेगळा, एसी ऑफिसातला वेगळा, मे महिन्यातल्या नागपूरचा वेगळा. आणि घाम आलाच नाही तर सेल उपाशी! रक्तातली साखर आणि घामातली साखर यांचं नातंही सरळ नाही, त्यामुळे आजचे पॅच घामावर नव्हे तर त्वचेखालच्या द्रवावर अवलंबून असतात. तिथल्या इंधनावर चालणारे सेलही बनताहेत. एमआयटीनं २०२२मध्ये दाखवलेला ग्लुकोज सेल तर अवघा ४०० नॅनोमीटर जाडीचा आहे, म्हणजे केसाच्या साधारण दोनशेवा भाग.

आपल्याकडेही फ्युएल सेलवर काम होतंय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागानं बनलेल्या हायड्रोजन फ्युएल सेलवर २०२०मध्ये पुण्यातच मोटार चालवून दाखवली गेली. बिट्स पिलानीच्या हैदराबाद कॅम्पसमध्ये कागदावरच्या छोट्या बायोफ्युएल सेलवर संशोधन चालतं. मोटारीच्या सेलला फोटो मिळतात, कागदाच्या सेलला कमी. पण ज्या देशात इतके मधुमेही आहेत आणि घामाचा तुटवडा कधीच नसतो, तिथे हा कागदाचा तुकडा जास्त मोलाचा ठरू शकतो.

खरेदीआधी विचारा हे तीन प्रश्न

उद्या एखाद्या वेबसाइटवर ‘कधीच चार्ज करू नका!’ अशी झगमगती जाहिरात दिसली, तर क्लिक करण्यापूर्वी एवढंच विचारा.

किती मिलिवॉट? ‘वीसपट ऊर्जा’ असं कुणीही लिहील. एका वेळी किती वीज मिळते ते सांगा म्हणावं. घड्याळाला सरासरी ४० मिलिवॉटच्या आसपास लागतात, छोट्या सेन्सरला त्याच्या हजाराव्या भागातही भागतं. आकडाच दिला नसेल, तर विषय संपला.

इंधन कुठलं, आणि कुठे मिळणार? कार्ट्रिज असेल तर ती तुमच्या शहरात मिळते का, किंमत किती, घरात लहान मूल असेल तर ती कितपत सुरक्षित? घामावर चालत असेल तर तुम्ही घाम न गाळता बसाल त्या दिवशी काय?

किती दिवस आणि किती वेळा वाकवून? पहिल्या दिवशी सगळेच सेल छान चालतात. तिसऱ्या आठवड्यात, हजार वेळा मनगट वळल्यानंतर किती चालतो, ते महत्त्वाचं.

या तिन्ही प्रश्नांना नीट उत्तरं देणारं पहिलं प्रॉडक्ट बहुधा मॉलच्या गॅजेट शोरूममध्ये दिसणार नाही. ते केमिस्टच्या काउंटरवर, एका छोट्या पाकिटात, बँडेडच्या शेजारी असेल. त्याच्यावर रंगीत स्क्रीन नसेल, कुणी त्याचा सेल्फी टाकणार नाही. तुमचा चार्जर तोवर बॅगेतच राहू द्या. पण ते पाकीट आलं, की घरातल्या ज्येष्ठांसाठी आधी घ्या.